दोघांना आल्या होत्या

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "मी बरी आहे, तू बरा असशील, जेवत जा, कुणाशी भांडू नकोस." एवढ्यासाठी पाकीट कशाला वाया घालवलंस? माणूस इतकं कमी लिहितं तेव्हा एक तर ते रागावलेलं असतं, नाहीतर काहीतरी लपवत असतं. तू रागावली असतीस तर आठ पानं आली असती. म्हणजे लपवतेयस. सांगून टाक गुपचूप.

माझं विचारशील तर मी सध्या कोंबड्यांचा नोकर आहे. आता तू म्हणशील, पत्र्याच्या कारखान्याचं काय झालं? तिथे फार आवाज होता. आणि त्याआधी बर्फाचं गोदाम होतं त्याचं? ते गार होतं. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. पण या वेळी ती काढून गेटवर जमा केलीय.

इथे सगळंच गेटवर जमा करतात. मोबाइल, चपला, अंगावरचे कपडे. मग साबण लावून आंघोळ, डोक्यावरूनसुद्धा, आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडलं की फार्मचे निळे कपडे. या साध्या कोंबड्या नाहीत, आया आहेत. यांच्या अंड्यांतली पिल्लं पुढे कुठे कुठे जातात. त्यामुळे यांच्यातली एक जरी मरगळली तरी मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळतं. माणूस एकदा आत आला की कोंबड्यांची ही तुकडी संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही. "गेटबाहेर गेलास की नोकरीबाहेर गेलास," हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं.

तुझं पत्रही सरळ हातात आलं नाही. अंड्यांच्या गाडीचा ड्रायव्हर टपाल गेटवर देतो. तिथे ते एका पेटीत निळ्या दिव्याखाली दिवसभर पडून राहतं, जंतू मरावेत म्हणून. तू पाळणाघरात कामाला आहेस म्हटल्यावर गेटवाल्याने आणखी एक दिवस ठेवलं. चार ओळी दोन दिवस भाजल्या, तरी त्यांतून काही बाहेर पडलं नाही.

पैज लक्षात आहे ना? मी मध्येच पळालो तर तुझी सगळी भांडी मी घासायची. तुकडी संपेपर्यंत टिकलो तर तू मला एक दिवस 'दादा' म्हणायचं, दोन वर्षांनी मोठी असलीस तरी. सराव सुरू कर.

तुझा भाऊ

१४ फेब्रुवारी

उंडग्या,

बरं ओळखलंस. तू मामा होणार आहेस. दोन महिने झाले. असला मामा मिळणार हे त्या जिवाला अजून कळलेलं नाही, नाहीतर ते आलंच नसतं.

आईला आणि तुझ्या भावोजींना माहीत आहे. पाळणाघरात कुणालाही नाही, आणि इतक्यात कळूही द्यायचं नाही. कारण ऐक. माझ्या आधी एक मदतनीस होती. तिने तिसऱ्या महिन्यात मोठ्या बाईंना सांगितलं. बाईंनी तिला जवळ घेतलं, फुलं दिली, म्हणाल्या, "आता तू फक्त आराम कर." दुसऱ्या दिवशी तिच्या जागी नवी मुलगी उभी. ती नवी मुलगी मी. तेव्हा फुलांचा अर्थ मला नीट ठाऊक आहे.

तू तुझ्या आंघोळीचं कौतुक सांगतोस. इथे ये एकदा. एक लांबट खोली, दोन खिडक्या, त्यांतली एक उघडते, आणि सोळा नाकं. सगळी गळकी. सकाळी दारात बाई प्रत्येकाच्या कपाळाला ते तापाचं यंत्र लावतात. सगळी पोरं गार. कारण घरून निघताना प्रत्येकाला तापाचं गोड औषध पाजलेलं असतं. दुपारी जेवणं होईस्तोवर त्याचा जोर उतरतो, आणि माझ्या मांडीवर इस्त्री केल्यासारखी गरम पोरं ओळीने येऊन पडतात. घरी फोन केला की पलीकडून उत्तर येतं, "अहो, सकाळी तर अगदी छान होता." सगळ्यांच्या घरून हेच वाक्य, जणू छापून दिलंय. बाई म्हणतात, "लहान मुलांना व्हायचंच."

त्यातल्या त्यात एक बटाट्या आहे. दीड वर्षाचा, गोल, तोंडात चार दात आणि चारही माझ्या बाहीवर उमटलेले. माझ्या खांद्यावर टाकल्याशिवाय झोपत नाही. झोपला की नाकाचा सगळा माल मानेवर. मला राग यायला हवा, पण येत नाही. दिवस गेले की डोकं जातं म्हणतात, तसं झालं असेल.

महिना भरत आलाय तुझा. भांडी साठवून ठेवू का?

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून मी कोंबड्यांना सांगितलं. दुसरं आहे कोण इथे? शेडमध्ये उभा राहून म्हटलं, बायांनो, मी मामा होणार. दोन हजार बायका एकदम बोलायला लागल्या. सगळ्यांचं मत वाईटच पडलं असं वाटलं, पण मला रडू आलं. ते धुळीने आलं, तू काही मनावर घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात मी एकदा शिंकलो. एकदाच. मॅनेजरने मला शेडमधून काढून बाहेरच्या कोठारात बसवलं, नाक सुकेपर्यंत. का, तर अंडं घालणारीला त्रास नको. आणि तू बटाट्याचं नाक मानेवर घेऊन फिरतेस. मी मॅनेजरला विचारलं, "साहेब, इथे एखादी बाई ठेवून घ्याल का? दोन महिन्यांची आहे, फार्मवर तिची नीट बडदास्त राहील." त्याने विचारलं, "अंडी देते का?"

हसू नकोस. हा माणूस चेष्टा करत नाही, त्याला येतच नाही.

कोंबड्यांचा डॉक्टर लस टोचायला आला होता. त्याला तुझं सांगितलं. म्हणाला, पोरांना जे दुखणं चार दिवसांचं, ते पोटातल्याला महागात पडू शकतं. गोवर, जर्मन गोवर, कांजिण्या, आणि एक ते गाल लाल होतात ते. पण जे आईला लहानपणी होऊन गेलंय त्याची सहसा काळजी नाही. म्हणाला, "मी पिसंवाल्यांचा डॉक्टर, माझ्यावर जाऊ नकोस, तिला तिच्या डॉक्टरकडे पाठव." तेव्हा जा. आणि बाईंना सांग. फुलं घे आणि त्यांच्याच डोक्यात माळ.

तुझा भाऊ (महिना उलटला, अजून पळालो नाही, भांडी तूच घास)

७ मार्च

उंडग्या,

जाऊन आले. तुझ्या पिसंवाल्या डॉक्टरला नमस्कार सांग.

आई बरोबर आली होती, म्हणजे तपासणी तिचीच झाली. डॉक्टरीण बाई मला विचारायच्या आणि उत्तर आई द्यायची. गोवर आणि जर्मन गोवर, दोन्हींची सुई शाळेत टोचली होती, ते झालं. मग त्यांनी विचारलं, "कांजिण्या येऊन गेल्यात?"

आई म्हणाली, "दोघांना आल्या होत्या."

"दोघांना म्हणजे?"

"हिला आणि हिच्या भावाला."

"मी हिचं विचारतेय."

"तेच सांगतेय. दोघांना."

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, खात्री नसेल तर रक्त तपासून घेऊ, साधी तपासणी आहे. त्यावर आई खुर्चीत सरळ झाली. "माझ्या पोरांना काय झालं ते मला ठाऊक नसेल, तर तुमच्या सुईला कसं ठाऊक असणार?" डॉक्टरीण बाईंनी कागदावर 'आल्या होत्या' असं लिहून टाकलं. तू असतास तर तूही तेच लिहिलं असतंस.

आणि बरंच झालं म्हणायचं, कारण परवा गंमत झाली. बटाट्या पोटावर लाल ठिपके घेऊन आला. त्याची आई म्हणाली डास चावले. डास इतका नेटका चावतो का, असं मनात आलं, पण हा रडत होता, म्हणून खांद्यावर टाकला. दुपारभर माझ्या मानेत तोंड खुपसून झोपला. काल निरोप आला की डास नव्हते, कांजिण्या आहेत. मोठ्या बाईंनी सगळी खेळणी धुवायला लावली आणि वर म्हणाल्या, "लहान मुलांना व्हायचंच." मी धुतली.

मी मात्र निवांत आहे. आपण लहानपणी कसे दोन गुलाबी भुतांसारखे पडलो होतो, आठवतं? ते दाट गुलाबी औषध, वाळलं की अंगावर तडकायचं. आई कापसाने लावायची, आधी तुला, मग मला. तुला शाळा बुडाल्याचा आनंद आणि मला पोळल्यासारखी खाज. तेव्हाचा तो त्रास आता कामाला आला. तेव्हा तू कोंबड्या सांभाळ, मी माझं सांभाळते.

ताई

१२ मार्च

ताई,

तू फोन ठेवलास आणि आता उचलतही नाहीस, म्हणून लिहितोय. अंड्यांच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या गावावरून जातो. तो हे पत्र उद्या सकाळी तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे आणि उभ्या उभ्या वाच.

तुझं पत्र काल निळ्या दिव्याखालून निघालं. मी ते दाण्याच्या पोत्यावर बसून वाचलं आणि त्या गुलाबी औषधापाशी अडकलो. मला सगळं आठवतंय, पण तुझ्यासारखं नाही. तू माझ्या पाठीवरचे फोड बोट लावून मोजायचीस, आणि रोज आकडा वाढला की टाळ्या वाजवायचीस. मग मी म्हणायचो, आता माझी पाळी, तुझे मोजतो. आणि तुझ्या पाठीवर नुसतं गुलाबी. खाली काही नाही. मी औषध खरवडून बघायचो तर तू आईला हाक मारायचीस, आणि मार मला.

ताई, तुला कांजिण्या आठवत नाहीयेत. तुला औषध आठवतंय.

आपली आई कशी आहे विसरलीस का? मला चष्मा लागला तेव्हा तुलाही नेऊन चष्मा लावून आणला, साध्या काचांचा. तुझं टॉन्सिल काढलं तेव्हा मलाही घसा धरून आठ दिवस पातळ खायला घातलं. एकाला केलं की दुसऱ्याला केलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला काय वाटेल. तिने दोघांना औषध लावलं, म्हणून तिच्या हिशेबी दोघांना आल्या. माझ्या भुवईजवळ खड्डा आहे, पोटावर दोन आहेत. तुझे कुठे आहेत?

इथे काय झालं तेही ऐक. मी मॅनेजरकडे गेलो. त्याने विचारलं, "कुणी गेलं का?"

"नाही. बहिणीला कांजिण्या झाल्या नव्हत्या."

"कधी?"

"लहानपणी."

"बहिणीला लहानपणी कांजिण्या झाल्या नाहीत, म्हणून तुला आज बाहेर जायचंय?"

म्हटलं, निदान गेटवाल्याला तरी बहिणीला फोन करू द्या. केला त्याने. तू त्याला काय सांगितलंस? "त्याला म्हणावं पैज हरलास तर सरळ सांग, परक्या माणसाला पुढे करू नकोस." गेटवाला जाळीपलीकडून मोठ्याने वाचून दाखवावं तसं बोलला, आणि सगळे हसले. मग मी आंघोळीच्या खोलीतून उलटा निघालो. निळे कपडे इकडे, माझे कपडे तिकडे. मॅनेजर मागून म्हणाला, "कोंबड्यांच्या जिवाशी खेळतोयस." मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या पोटातल्याचा जीव आहे. तो म्हणाला, "ती आपल्याकडे कामाला आहे का?"

बाहेर येऊन फोन केला तर तूही हसलीस. "पळायला कारण पाहिजे होतं तुला, पण असलं कारण आजवर कुणी काढलं नव्हतं." माझ्या नावाला तेवढी पत उरली नाही हे कबूल. पत्र्याचा आवाज, बर्फाचा गारठा, सगळं कबूल. पण या वेळेला लांडगा खरंच आलाय.

गावातल्या दवाखान्यात विचारलं. ते म्हणाले, झाल्या नसतील तर एक इंजेक्शन असतं, पण ते आजारी पोराशी संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत घ्यावं लागतं, त्यापुढे उपयोग नाही. बटाट्या तुझ्या मानेवर कधी झोपला ते तूच मोज.

भावोजींनाही फोन केलाय. म्हटलं, तिच्या अंगावर एक खड्डा दाखवा, मी परत जाऊन प्रत्येक कोंबडीची पाया पडून माफी मागतो.

तुझा भाऊ

१७ मार्च

बाळा,

तू काय चालवलं आहेस? पोरीचं डोकं फिरवलंस, जावयांचं फिरवलंस, आता माझंही फिरवायला बघतोस. मी दोघांना जन्म दिला आहे. तुला एकट्याला दिला असता तर बरं झालं असतं असं म्हणणार होते, पण मग तिला वाईट वाटेल.

दोघांना आल्या होत्या. मला चांगलं आठवतं. आधी तुला उठल्या. तुझं अंग भाजल्यासारखं दिसायला लागलं तशी मी ती मोठी बाटली आणली आणि त्याच दिवसापासून तुम्हा दोघांना लावायला सुरुवात केली. तिला इतकं मन लावून लावलं, इतकं वेळेवर लावलं, की तिच्या अंगावर एकसुद्धा फोड उठला नाही. आता याला आल्या नाहीत असं कोण म्हणेल? आल्या, पण मी वर येऊ दिल्या नाहीत.

हे डॉक्टरीण बाईंनाही समजावून सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

कपडे धुतोस का? नोकरी गेली म्हणे. जाऊ दे. तिलाही घरी बसवलंय, तुलाही. निदान सारखं झालं.

आई

२० मार्च

उंडग्या,

ड्रायव्हरला चहा दिला. पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसले.

आधी तुझ्या भावोजींचं सांगते, कारण त्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. तुझा फोन आल्यावर हा माणूस बॅटरी आणि वाचायचा चष्मा घेऊन माझ्या अंगावर खड्डे शोधत बसला. रस्त्याच्या कंत्राटदाराने इतक्या मनाने शोधले असते तर गावाचं भलं झालं असतं. कोपराजवळ एक सापडला म्हणून नाचायला लागले. तो सायकलवरून पडल्याचा निघाला. तेव्हा त्यांनी बॅटरी विझवली, आणि ती विझली तेव्हा मी घाबरले.

आईला घेऊन गेलो. तिने डॉक्टरीण बाईंना जे सांगितलं ते तिने तुलाही लिहिलंय म्हणे. बाई शांतपणे म्हणाल्या, "दहातली नऊ पोरं अशी शेजारी झोपून सुटत नाहीत. ही दहावी असेल. आता रक्तालाच विचारू." दुसऱ्या दिवशी रक्ताने उत्तर दिलं. कोरी पाटी. कांजिण्यांशी माझी कधी ओळखच झालेली नाही. इंजेक्शन दुसऱ्या शहरातून मागवावं लागलं आणि शेवटच्या दिवशी मिळालं. दोन्ही बाजूंनी टोचलं. नर्स सुई भरत असताना आई म्हणाली, "थोडं त्याच्यासाठी काढून ठेवता येईल का?" नर्सने विचारलं, कुणासाठी. मला हसू आवरेना आणि सुई वाकडी होता होता राहिली.

आता महिनाभर वाट बघायची. अंगावर फोड उठतो का ते. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि ज्या पोटाकडे कौतुकाने बघायचं त्याच्याकडे पोलिसासारखी बघते. तुला लपवून काय करू, रडते. मग तोंड धुते. तू फोन केलास तेव्हा मी हसले होते, ते आठवून जास्त रडते.

मोठ्या बाईंना सांगितलं. सांगावंच लागलं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"तुला घरी बसवलं असतं."

"आणि आता?"

"आता घरी बस."

या वेळी फुलंसुद्धा नव्हती. मी विचारलं, बटाट्याच्या आईला काही बोललात का? म्हणाल्या, त्या बिचाऱ्या काय करणार, त्यांचं ऑफिस असतं. माझं काय होतं ते मी विचारलं नाही. तर आता त्यांना असं माणूस हवंय की ज्याला सगळी दुखणी होऊन गेलीत, कधी दिवस जाणार नाहीत, आणि जे उद्यापासून येईल. मी तुझं नाव सुचवलंय. मी आईकडे चाललेय, घर रिकामं आहे, भावोजींना चहासुद्धा करता येत नाही. आणि भांडी आहेत. पैज तू हरलास, विसरू नकोस.

ताई

२६ एप्रिल

ताई,

फोन खिशात आहे, तरी लिहितोय. फोनवर तू मध्येच हसतेस.

महिना उलटला, तुझ्या अंगावर एक फोड उठला नाही, आणि पोटातलं बाळ तपासणीत ठणठणीत निघालं, हे आईने कळवलं. कसं कळवलं ते ऐक. "बघ, एकही आली नाही. म्हटलं नव्हतं मी, तिला लहानपणीच झाल्या होत्या?" मी फोन कानाला लावूनच कपाळ भिंतीला टेकलं. दाराशी एक बाप पोरगं घेऊन ताटकळत होता. त्याला वाटलं माझं काही बिघडलं.

हो, मी तुझ्या जागेवर आहे. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, अनुभव आहे का? म्हटलं, दोन हजार माद्या सांभाळल्यात. त्यांनी पुढचं विचारलंच नाही. त्यांना घाई होती.

ते तापाचं यंत्र मी हातात घेतलं. पहिल्या दिवशी सगळी पोरं गार. दुपारी तीन तापली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रत्येकाच्या कपाळाऐवजी तोंडासमोर यंत्र धरलं आणि आई-बापांना म्हटलं, "नवीन आलंय. सकाळी औषध पाजलंय का ते वासावरून सांगतं." यंत्र तेच, जुनंच. पण चौघं दारातूनच परत गेली, आणि एक जण तर पायरीसुद्धा चढला नाही, लांबूनच वळला. बाई चिडल्या, म्हणाल्या, मुलं कमी झाली. मी म्हटलं, ताप कमी झाला. दोघांचंही खरं होतं. तरी त्यांनी मला काढलं नाही, कारण त्या दिवशी दुपारी त्यांना पहिल्यांदा चहा गरम प्यायला मिळाला.

बटाट्या परत आलाय. कपाळावर दोन खड्डे घेऊन. मला बघून आधी रडला, मग माझ्या भुवईतल्या खड्ड्यात बोट घातलं, मग स्वतःच्या कपाळावर. आता माझ्या खांद्यावर झोपतो. नाकाचं तसंच आहे. हा पोरगा किती नुकसान करता करता राहिला हे त्याला सांगायचं मी रोज ठरवतो आणि रोज तो आधी झोपतो.

काल एक नवी मुलगी कामाला आली. बाई आता शहाण्या झाल्यात, त्यांनी आधीच विचारलं, कांजिण्या येऊन गेल्यात का? ती म्हणाली, "आई म्हणते आल्या होत्या." बाईंनी लगेच मान हलवली. मी म्हटलं, आई राहू दे, खड्डा दाखव. तिने बाही वर करून दोन दाखवले आणि म्हणाली, हे काय पाळणाघर आहे की पोलीस ठाणं? मला ती बरी वाटली. यावरून काही लावू नकोस.

पायाची भिंगरी अधूनमधून वळवळते. परवा बंदरावर माणसं हवीत असं वाचलं. पण भांडी संपली नाहीत अजून. तुझ्या नवऱ्याने इतकी भांडी कधी काढली देव जाणे.

तुझा भाऊ

१८ नोव्हेंबर

दादा,

हो, नीट वाच. दादा. एका पत्रापुरतं. पैज तू हरलास हे खरं, पण ज्या दिवशी हरलास त्या दिवसाचा हिशेब मला दुसऱ्या कुठल्या शब्दाने फेडता येईना. पुढच्या पत्रापासून परत उंडग्या.

भाची दोन महिन्यांची झाली. फोटोत दिसते त्याहून काळी, त्याहून लठ्ठ आणि आवाज तुझ्या दोन हजार बायकांसारखा. डॉक्टरीण बाईंनी तिचे डोळे बघितले, हातपाय बघितले, पाठ बघितली, आणि मला म्हणाल्या, "कोरी पाटी." या वेळी तो शब्द ऐकून मी तिथेच रडले. आईने लगेच माझ्या बरोबरीने रडून घेतलं. मला एकटीला रडायला लागू नये म्हणून.

आई अजून ऐकायला तयार नाही. शेजारणीला काल सांगत होती, "हिला लहानपणी इतक्या सौम्य आल्या, की रक्तालासुद्धा कळलं नाही." मी भांडायचं सोडून दिलंय. फक्त भाचीच्या नावाने एक पुठ्ठ्याचा खोका केलाय. तिला जे जे होईल, जे जे टोचलं जाईल, ते डॉक्टरांनी लिहिलेलं त्यात जाईल. आईला त्या खोक्याला हात लावायला बंदी आहे.

परवा बाळाच्या पाठीवर घामोळं उठलं. डॉक्टरीण बाईंनी लावायला औषध दिलं. आईने बाटली हलवली, झाकण काढलं, आणि माझ्या नाकात तो वास गेला. तेच. दाट, गुलाबी. तिने कापसाने बाळाची पाठ रंगवली, हळूहळू, फुंकर घालत. मग बोटाने बाटलीचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चल, तू पण बस."

मी म्हटलं, "आई, मला काही झालेलं नाही."

म्हणाली, "म्हणूनच."

आणि मी बसले, दादा. पाठ वळवून, पोर मांडीवर घेऊन, लहानपणी बसायचे तशी. ते गार गार लागलं आणि थोड्या वेळाने तडकायला लागलं.

बाटलीत तुझ्या वाटणीचं ठेवलंय. ती टाकू देत नाही. तेव्हा बंदरावर जायचं असेल तर जा, पण आधी इथून होऊन जा.

ताई